दारूची पुडी आणि आपली वसई

पोर्तुगीज वसई सोडून गेले तेव्हा मागे काय काय राहिलं, हे वसईत कुणालाही विचारा. पहिलं उत्तर येईल घंटा. चिमाजीअप्पांच्या विजयानंतर इथल्या चर्चच्या घंटा गावोगावच्या देवळांत गेल्या, नाशिकची नारोशंकराची घंटा तर सगळ्यांना ठाऊक. दुसरं उत्तर चर्च, तिसरं आडनावं. थोडाफार वाचणारा माणूस असेल तर तो शब्द सांगेल: पाव, चावी, साबण, बटाटा, तुरुंग, पगार. या यादीत एक शब्द मी फार कमी वेळा ऐकलाय. काडतूस.

काडतूस मराठीत पोर्तुगीजांकडून आलं. मूळ शब्द 'कार्तुशु', आणि गंमत बघा, त्या शब्दात बंदूकही नाही, गोळीही नाही आणि दारूही नाही. त्याचा अर्थ कागदाची गुंडाळी. पुडी. शेंगदाणे ज्यात मिळतात तसल्या कागदाच्या कोनालाही पोर्तुगीज भाषेत हाच शब्द चालतो. कागद या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून कार्ड आलं, कार्टून आलं, काडतूसही त्याच घरातलं. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात त्यांनी 'कार्ट्रिज पेपर' नक्की विकत घेतला असेल. त्या जाड, खरबरीत कागदाला हे नाव पडलं ते एकेकाळी त्याच्या पुड्या करून त्यात बंदुकीची दारू भरत म्हणून. आज काडतूस म्हटलं की पितळेची चकचकीत नळी डोळ्यापुढे येते. ती फार अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्याआधीची दोन-अडीचशे वर्षं काडतूस कागदाचंच होतं.

हे सगळं आता कशाला, तर सांगतो. दर मे महिन्यात वसई विजयाचे कार्यक्रम होतात. जवळपास वीस वर्षं मी त्यांच्या बातम्या करतोय. वक्ते बदलतात, व्यासपीठं बदलतात, पण एक वाक्य हमखास येतं: त्यांच्याकडे तोफा-बंदुका होत्या, आपल्याकडे फक्त ढाल-तलवार आणि जिद्द. टाळ्या पडतात. हल्ली तेच वाक्य रीलवर ढोलताशाच्या आवाजात येतं. ऐकायला गौरव वाटतो. पण वसईच्या मातीत दोन वर्षं दारूगोळ्याचा हिशेब करत राबलेल्या माणसांवर यासारखा दुसरा अन्याय नाही. नुसत्या तलवारीने वसईचा तट पडला असता तर तो कितीतरी आधीच पडला असता.

१७३७ मध्ये ठाणे-साष्टीपासून सुरू झालेली ही मोहीम. वसईला शेवटचा वेढा पडला फेब्रुवारी १७३९ मध्ये. किल्ल्याच्या बाकी बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल, त्यामुळे जमिनीच्या बाजूने, उत्तरेकडूनच भिडायचं. मोर्चे पुढे सरकवायचे, तोफा लावायच्या आणि तटाखाली सुरुंग खणायचे. मे महिन्याच्या मध्यावर सॅबेस्टियन बुरुजाकडचे सुरुंग उडाले आणि खिंडार पडलं. त्यातले काही सुरुंग वेळेवर उडालेच नाहीत. आपली माणसं खिंडारात शिरल्यावर उडाले, आणि आपलीच माणसं गेली. ग्रँट डफ या वेढ्यातली मराठ्यांची हानी ५,००० हून जास्त देतो, पोर्तुगीजांची साधारण ८००. १६ मे १७३९ ला किल्ला शरण आला. ठरल्याप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांसह, निशाणं फडकावत, वाजतगाजत बाहेर पडली.

तिकडे किल्ल्याच्या आत काय चाललं होतं? पोर्तुगीज मुंबईच्या इंग्रजांकडे दारू आणि गोळे मागत होते. इंग्रजांनी थोडाफार दारूगोळा दिला, कर्जाऊ रक्कमही दिली, पण चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन. शेजारी बुडतोय हे दिसत असताना गहाणखत करून घेणारे लोक होते ते. थोडक्यात, तटाच्या दोन्ही बाजूंना रोज एकच प्रश्न होता: दारू किती उरली, ती कोरडी आहे का आणि पुढची कुठून येणार? त्यात समोर जून महिना. वसईचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. खाऱ्या दमट हवेत ती ओल धरते, आणि ओली दारू म्हणजे फुसका बार.

'फुसका बार' हा शब्द आपण राजकारण्यांच्या घोषणांसाठी इतका वापरलाय की तो कुठून आला हे विसरलो. बार म्हणजे बंदुकीत भरलेली दारू-गोळी. बार भरणे, बार काढणे, बार उडणे. रंजक म्हणजे बंदुकीच्या कानावर ठेवायची चिमूटभर बारीक दारू, जिला आधी आग लागते. जामगी किंवा तोडा म्हणजे धुमसत राहणारी दोरी. गज म्हणजे नळीत दारू-गोळी ठासायची सळई. तोसदान म्हणजे काडतुसं ठेवायची चामड्याची पेटी. शिवकाळापासून जे अठरा कारखाने सांगतात त्यातला एक दारूखाना. ज्या भाषेत बंदुकीच्या इतक्या बारीकसारीक भागांना नावं आहेत, त्या भाषेच्या लोकांकडे फक्त ढाल-तलवार होती म्हणायचं?

बंदूक होतीच. प्रश्न वेगळाच होता, ती भरायची कशी आणि भरायला माल कोण देणार.

तेव्हा आपल्याकडे मुख्यतः तोड्याची बंदूक. शिपाई शिंगातून किंवा पिशवीतून अंदाजाने दारू ओतायचा, गोळी टाकायचा, गजाने ठासायचा, कानावर रंजक ठेवायचा आणि पेटता तोडा टेकवायचा. बंदूक बहुतेक वेळा त्याची स्वतःची. दारू किती टाकायची हे त्याच्या हाताला माहीत. ही बंदूक टाकाऊ होती असं मुळीच नाही. लांब नळी आणि नळीला बऱ्यापैकी घट्ट बसणारी गोळी, त्यामुळे तिचा पल्ला आणि नेम चकमकीच्या विलायती बंदुकीपेक्षा चांगला असायचा. अडचण होती वेगाची. शिवाय जळता तोडा हातात आणि सुटी दारू कमरेला! शेजारच्याच्या तोड्याची ठिणगी आपल्या शिंगात पडू नये म्हणून माणसं अंतर ठेवून उभी राहणार. एकाला खेटून एक अशी रांग धरायची तर तोड्याची बंदूक गैरसोयीची.

युरोपातल्या सैन्यांनी तोपर्यंत चकमकीची बंदूक आणि कागदी काडतूस यांची जोडी जमवली होती. चापाला लावलेला गारगोटीचा तुकडा पोलादावर आपटतो, ठिणगी पडते, रंजक पेटते. तोडा गेला. आणि दारू-गोळी एकाच पुडीत आधीच मोजून बांधलेली. शिंगही गेलं.

ही पुडी करतात कशी, ते करून बघावं म्हणून एका रविवारी घरातल्या टेबलावर बसलो. दारूच्या जागी रवा, गोळीच्या जागी पोरांची काचेची गोटी. (दारूचा प्रयोग करायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर त्याने आताच काढून टाकावा.) लाकडी दांडीच्या जागी फळ्यावर लिहायचा जाड मार्कर. कागद आयताकृती घ्यायचा नाही, एका बाजूने तिरका कापायचा, म्हणजे गुंडाळल्यावर एका टोकाला थर जास्त येतात आणि दुसरं टोक पातळ राहतं, पटकन फाडता येतं. दांडीच्या टोकाशी गोळी धरायची, दोन्हीवर मिळून कागद गुंडाळायचा, गोळीच्या पुढे आणि मागे दोऱ्याने आवळायचं. दांडी काढून घेतली की गोळी तळाशी बसलेली नळी तयार. तीत माप धरून दारू ओतायची आणि उरलेलं शेपूट दुमडून बंद करायचं. बस्स. पहिल्या पुडीला मला चार मिनिटं लागली, विसाव्या पुडीला एकाच्या वर काही सेकंद. हात बसला की हे काम डोकं बंद ठेवून करता येतं, विड्या वळतात तसं. आणि म्हणूनच ते जगभर स्वस्त मजुरीचं काम झालं. इंग्लंडच्या वुलिच इथल्या सरकारी कारखान्यात पोरं काडतुसं वळायची. अमेरिकेच्या यादवी युद्धात पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनी शस्त्रागारात १७ सप्टेंबर १८६२ ला स्फोट झाला, ७८ जण मेले. बहुतेक सगळ्या तरुण मुली, काडतुसं भरणाऱ्या.

आता शिपायाच्या हातात ही पुडी आल्यावर काय होतं ते बघा. घोडा अर्ध्यावर ओढायचा. तोसदानातून काडतूस काढायचं आणि त्याचं शेपूट दाताने तोडायचं. चिमूटभर दारू कानाशी असलेल्या छोट्या वाटीत टाकून झाकण लावायचं, ही झाली रंजक. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून उरलेली दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची. मग गोळी, तिच्या कागदासकट. गजाने ठासायचं. गज परत जागेवर. (गडबडीत गज नळीतच राहिला तर तोही गोळीबरोबर शत्रूकडे जायचा आणि मग त्या शिपायाची बंदूक म्हणजे नुसती काठी.) घोडा पूर्ण ओढायचा, रोखायची, चाप दाबायचा. तयार शिपाई मिनिटाला तीन वेळा हे करायचा.

दात महत्त्वाचे. पुढचे दात नसतील तर युरोपातल्या सैन्यात पायदळात घेत नसत. आणि दर वेळी तोंडात थोडी दारू जाणारच. सोरा खारट. लढाई तासभर चालली की शिपायांचे ओठ काळे आणि घसा कोरडा. ही दाताची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाची बंदूक म्हणजे आतून गुळगुळीत नळी, व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरची. माझ्या टेबलावरच्या गोटीहून थोडीशीच मोठी. दीड मिलिमीटर मोकळं सोडलेलं असायचं कारण दहा-वीस बार काढले की नळीत काजळीचा थर साचतो आणि घट्ट गोळी आत उतरेनाशी होते. कागद ती फट थोडी भरून काढायचा आणि गोळी घरंगळून बाहेर येऊ द्यायचा नाही. पण सैल गोळी ती सैलच. शंभर मीटरच्या पुढे एका माणसाला नेमकं टिपणं म्हणजे नशिबाचा भाग. त्यामुळे नेम विसरा, रांग धरा, जवळ जा आणि सगळे एकदम उडवा. ही लढाई नेमबाजाची नव्हती. ती कोठीची होती, पुरवठ्याची होती.

थोडं गणित करू. शिशाची गोळी अंदाजे ३२ ग्रॅम, दारू १० ग्रॅमच्या आसपास (काळानुसार कमी-जास्त). माणशी ६० काडतुसं हा इंग्रजी शिरस्ता. हजार माणसांची पलटण म्हणजे ६०,००० पुड्या. मिनिटाला एक धरली तर हजार तास, दहा माणसं दहा तासांच्या पाळीने दहा दिवस. शिसं जवळपास दोन टन, दारू ६०० किलो, कागद आणि दोरा वेगळा. आणि मिनिटाला तीन या वेगाने हे सगळं वीस मिनिटांत धूर होऊन संपतं! सलग वीस मिनिटं कुणी उडवत नसे ही गोष्ट वेगळी, पण हिशेब ठेवणाऱ्याला हीच भीती धरून चालावं लागतं.

सोरा लागायचा टनावारी. हिंदुस्थानातला नावाजलेला सोरा बिहारचा, आणि प्लासीनंतर १७५८ मध्ये त्याचा मक्ता कंपनीने स्वतःकडे घेतला. शिसं कंपनीच्या जहाजांतून यायच्या नेहमीच्या मालापैकी एक. आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. थोरल्या माधवरावांच्या काळात जुन्नर भागात आंबेगव्हाणला तोफेच्या गोळ्यांचा कारखाना होता. पानिपतात इब्राहिमखानाचे गारदी चकमकीच्या बंदुका घेऊन रांगेतच लढले. पण रांगेने लढणारं पायदळ पोसायचं तर काडतुसाच्या बरोबरीने दुसरी गोष्ट वेळेवर लागते, ती म्हणजे पगार. (तोही शब्द पोर्तुगीजच, बरं का. शिपायाच्या दोन्ही गरजांचे शब्द आपण एकाच दुकानातून आणले.) जमिनीच्या उत्पन्नावर जगणारा सरदार आपले घोडेस्वार घेऊन येतो, पावसाळ्यात परत जातो. भाडोत्री पलटण परत जात नाही आणि उधारीवरही राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारदी घुसले ते थकलेल्या पगाराचा गवगवा करत. नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' आपण सगळ्यांनी ऐकलाय, थकबाकीची गोष्ट नाटकात तेवढी रंगत नाही.

आणि इथून वसई पुन्हा गोष्टीत येते.

राघोबादादांना गादी हवी होती, त्यासाठी पलटणी हव्या होत्या. ६ मार्च १७७५ ला सुरतेला त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी २,५०० माणसं द्यायची, दादांनी महिन्याचा खर्च द्यायचा आणि वर साष्टी आणि वसई द्यायची. साष्टी तर इंग्रजांनी आधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, ठाणं घेऊन बळकावली होती. ज्या वसईसाठी छत्तीस वर्षांपूर्वी पाच हजारांवर माणसं पडली, तिची किंमत आता अडीच हजार भाड्याचे शिपाई. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी हा तह उडवून लावला म्हणून वसई तेव्हा वाचली. फार काळ नाही.

नोव्हेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्ड मोठ्या तोफा घेऊन वसईपुढे आला. ११ डिसेंबरला किल्ला पडला. दोन वर्षांचं काम मोजून थोड्या आठवड्यांत. आपल्या वसईकरांना १७३९ पाठ असतं, १७८० बद्दल विचारलं की शांतता. दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, वज्रेश्वरीजवळ दुगाडला लढाई झाली. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर आपण सहलीला जातो, तोच भाग. वसईच्या मदतीला निघालेली मराठी फौज कर्नल हार्टलीने तिथे अडवून धरली होती. रामचंद्र गणेश यांनी सकाळच्या दाट धुक्याचा आडोसा घेऊन हल्ला चढवला. त्यांच्याबरोबर अरब पायदळ होतं आणि हजारभर कवायती पायदळ होतं, आणि त्या कवायती पायदळाचा अधिकारी होता नोरोन्हा नावाचा एक पोर्तुगीज, पेशव्यांच्या नोकरीतला! चिमाजीअप्पांनी ज्यांना वाजतगाजत बाहेर काढलं त्यांच्यातलाच एक चाळीस वर्षांनी वसईच्या बाजूने पेशव्यांसाठी लढतोय. इतिहास शाळेच्या पुस्तकात बसत नाही तो असा. धुकं एकदम विरळ झालं, इंग्रजांच्या तोफांना समोरची माणसं दिसली. रामचंद्र गणेश पडले, नोरोन्हा जखमी झाला. म्हणजे रांग, कवायत, युरोपी अधिकारी हे सगळं १७८० मध्ये आपल्याकडे होतं. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, ती मिळवली महादजी शिंद्यांच्या वजनाने.

महादजींनी धडा पुरता घेतला. द बॉइन्य या फ्रेंच बोलणाऱ्या सव्हॉयच्या माणसाला हाताशी धरून पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला शस्त्रागार घातलं. तिथे सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतायचा आणि बंदुका घडवायचा, एक बंदूक साधारण दहा रुपयांत. विलायतेच्या तोडीची. इंग्रजांना भारतात कुणाच्या पायदळाची खरी धास्ती वाटली असेल तर ती याच्या. कारखाना आपला, दारू आपली, काडतूस आपलं. पण या पलटणींचे अधिकारी परदेशी, आणि १८०३ चं युद्ध तोंडावर आल्यावर त्यातले बरेच जण इंग्रजांनी देऊ केलेल्या पेन्शनवर निघून गेले. तरी असईला, २३ सप्टेंबर १८०३ ला, त्या पायदळाने आणि तोफखान्याने वेलस्लीला इतकं रक्त सांडायला लावलं की तो ती लढाई जन्मभर विसरला नाही.

असईच्या आधीच मात्र कागदावर सगळं संपलेलं होतं, आणि तो कागद आपल्या वसईत लिहिला गेला. २५ ऑक्टोबर १८०२ ला पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. शाळेत आपण 'तैनाती फौज' दोन गुणांना लिहिलीय. तहातलं ते कलम शांतपणे वाचा. किमान ६,००० कवायती पायदळ, त्याच्या तोफा, युरोपी गोलंदाज आणि त्याला लागणारा दारूगोळा, हे सगळं कायमचं पेशव्यांच्या मुलखात राहणार. खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. आणि इंग्रजांशी वैर असलेल्या कुठल्याही युरोपी देशाचा माणूस पेशव्यांनी नोकरीत ठेवायचा नाही. म्हणजे नोरोन्हा नको, द बॉइन्य नको. सहा हजारांचा साठ-साठच्या हिशेबाने एक फेर म्हणजे ३ लाख ६० हजार पुड्या, साडेअकरा टन शिसं, साडेतीन टनांवर दारू. पैसे पेशव्यांचे, रक्षणही पेशव्यांचंच करायचं. पुड्या मात्र कंपनीच्या कोठीतल्या. मोजणारा कंपनीचा, किल्ली कंपनीची. चिमाजीअप्पांचा पणतू... नव्हे, त्यांच्या थोरल्या भावाचा नातू, तेसष्ट वर्षांनी त्याच तटाच्या आत बसून हे मान्य करतो. १३ मे १८०३ ला इंग्रज पलटणींनी त्याला पुण्यात परत गादीवर बसवलं. तारीख मे महिन्यातलीच, पण तिचा कार्यक्रम कुणी करत नाही.

आता दाताची गोष्ट. १८५७ चं काडतूस प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, निदान तसं वाटतं. नवी एनफिल्ड रायफल आली, तिच्या नळीत वळणदार खाचा, गोळी घट्ट बसायची, म्हणून काडतुसाला चरबी. ती गाईची की डुकराची, अशी वार्ता जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून निघाली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे (वरसई, वसई नव्हे, हा घोळ दर वर्षी कुणीतरी घालतं) त्याच वर्षी उत्तरेत गेले होते. महूजवळ शिपायांकडून त्यांनी काडतुसाची कहाणी ऐकली ती 'माझा प्रवास' मध्ये आलीय. पण मेरठचा एक तपशील फार कमी लोक सांगतात. २४ एप्रिलच्या परेडीत नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतूस घ्यायला नकार दिला आणि त्यांच्याच शिक्षेवरून १० मे ला वणवा पेटला. त्यांना दिलेली काडतुसं नवी नव्हतीच. एनफिल्डची नव्हती. ते वर्षानुवर्षं वापरत आलेल्याच जातीची होती, गुळगुळीत नळीची. एवढंच काय, ती दाताने तोडायची नाहीत, हाताने फाडायची, अशी सवलतही तोवर मिळालेली होती.

मग ते मूर्ख होते का? आपल्याकडे एक सुशिक्षित वर्ग असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मला तसं वाटत नाही. तोड्याच्या बंदुकीचा शिपाई स्वतःच्या शिंगातून दारू ओतायचा, त्यात काय आहे हे त्याला माहीत असायचं. काडतूस दुसऱ्याने बांधलेली पुडी आहे. कुठल्या कागदाची, कशाने चिकटवलेली, कुठल्या हाताने वळलेली, हे शिपायाला दिसत नाही, आणि ती थेट तोंडात घ्यायची. वरच्यावर विश्वास असेपर्यंत हे चालतं. तो गेला की जुनी पुडीसुद्धा नवी दिसायला लागते.

इंग्रज यातून काय शिकले, तर पुडीबद्दल फारसं नाही. उठाव मोडल्यावर तोफखाना बहुतेक सगळा गोऱ्या हातांत गेला. आणि हिंदी शिपायांसाठी १८५८ मध्ये एनफिल्डचाच एक वेगळा नमुना काढला. दिसायला हुबेहूब रायफल. फक्त नळीतल्या त्या वळणदार खाचा खरवडून काढून आतून गुळगुळीत केलेली, आणि लांबच्या नेमाची माशी काढून साधी, न हलणारी बसवलेली. गोऱ्या शिपायाची गोळी आठ-नऊशे यार्ड जाणार, काळ्या शिपायाची शंभर यार्डांपलीकडे भरवशाची नाही. त्या बंदुकीची काडतुसंही कागदाचीच होती आणि सरकारी कोठीतूनच मोजून मिळायची.